पहिल्या रिंगला

६ एप्रिल २००५, पांढरटोला

पोचलो एकदाचा, आणि खरं सांगायचं तर खूश आहे. गडचिरोलीहून निघालेली एसटी भर दुपारी फाट्यावर सोडते, तिथून पायी. वाटभर मोहाचा सडा पडलेला. वास असा, की न पिताच माणसाने गाणं म्हणावं. म्हटलंही थोडं, ऐकायला कोण होतं!

मी शहबाज शेख, नागभीडचा. घरात आम्ही आमची हिंदी बोलतो, पण शाळा मराठी झाली, त्यामुळे लिहायचं आणि मनातून चिडायचं असलं की मला मराठीच लागते. या वहीत दोन्ही करणार आहे.

काम सोपं आहे, असं ऑफिस म्हणतं. इथल्या नाल्याच्या पुलाला पाण्याची पातळी मोजणारं यंत्र लावलंय. त्याचे आकडे या खोलीतल्या कॉम्प्युटरवर येतात. चंद्रपूरच्या ऑफिसचं मशीन रोज सकाळ-संध्याकाळ इथे फोन लावतं, इथला मोडेम तो उचलतो, दोघं एकमेकांच्या कानात किंचाळून ओळख पटवतात आणि आकडे तारेतून तिकडे जातात. पावसाळ्यात पूर यायच्या आधी खालच्या गावांना कळावं, एवढाच हेतू. कल्पना झकास. फक्त फोन लागत नाही. लागला तर टिकत नाही, आणि टिकला तर बैलगाडीच्या चालीने चालतो.

साहेबांनी शब्द दिलाय, की महिनाअखेरपर्यंत लिंक सुरळीत झाली तर माझी बदली नागभीडला. नागभीड म्हणजे अदीबा. माझी मुलगी, दहा वर्षांची. तिची अम्मी गेल्यापासून माझ्या थोरल्या बहिणीकडे, अख्तरी आपाकडे राहते. बाप सुट्टीला येणाऱ्या पाहुण्यासारखा झालाय. तेवढं संपवायचंय मला, बाकी जंगल काय नि शहर काय, मोडेम सगळीकडे सारखाच रडतो.


८ एप्रिल

दोन दिवस तारेमागे फिरतोय. खांबावरून येणारी लाइन मोहाच्या फांदीला घासत होती, ती सोडवली. एक जोड नुसता पिळून त्यावर पॉलिथिन गुंडाळलेलं. डबीत मुंग्यांचं वारूळ. समांतर जोडलेला एक जुना फोन पडवीत होता, कुणी रिसीव्हर उचलला की मोडेमचा गळा दाबला जायचा; तो काढून टाकला, माझ्या टेबलावरचा एक तेवढा ठेवला. वेग दुपटीने वाढला. म्हणजे बैलगाडीची सायकल झाली.

एक दोष मात्र माझ्या हातातला नाही. एक्सचेंजकडचं जुनाट यंत्र बोलण्याचा पहिला शब्द गिळतं. गप्प बसून एकदम बोललं, की पहिला शब्द पलीकडे पोचतच नाही. त्यामुळे आधी एक ‘हॅलो’ टाकायचा, कुत्र्याला तुकडा टाकतात तसा, आणि तो चघळतोय तोवर बोलून घ्यायचं.

आणखी एक गंमत. दुपारी फोनची एक रिंग येते. एकच. मग बंद. एक्सचेंजवाल्यांना विचारलं तर म्हणाले, लाइन तापते. त्यांचं बरंय, तापते ती लाइन आणि बोलणी खातो तो मी.

यंत्राची राखण करायला इसरू आहे. पुलाशेजारीच त्याचं शेत. माणूस भला, पण हाक मारली की ढिम्म. दुसऱ्यांदा ओरडावं तेव्हा कुठे ‘ओ’ म्हणतो. आज मी भडकलोच. त्याला सांगितलं, पगार घेतोस ना, मग माझ्या पहिल्या हाकेला उठायचं, मला घसा फाडायची सवय नाही. तो खाली बघत म्हणाला, बरं जी. समोरच्या घरातली नीलाबाई, जी माझं जेवण करते, ती तांदूळ निवडायची थांबली आणि माझ्याकडे बघत राहिली. जेवताना वरण पातळ होतं.


१० एप्रिल

सकाळी नागभीडला फोन लावला. पहिल्याच रिंगला उचलला गेला आणि ‘जी अब्बा’! आपा सांगत होती, मोहल्ल्यात सगळे अदीबाचं नाव काढतात. एवढीशी पोर, पण मोठ्यांनी हाक मारली की पहिल्या हाकेला ‘जी’ म्हणून उभी. आणि स्वतः कुणाला बोलवायचं तर एकदाच, हळू आवाजात, मग हात बांधून वाट बघते. बाजारातल्या भाजीवालीसारखं पुन्हा पुन्हा ओरडायचं नाही, हे मीच शिकवलंय. आमच्या घरची रीतच ती. आपाने हाक मारली तर मी आजही या वयात ताडकन ‘जी आपा’ म्हणतो.

फोन ठेवल्यावर दिवस बरा गेला.


११ एप्रिल

सापडलं! रोगाचं मूळ सापडलं आणि ते तारेत नव्हतंच, माणसाच्या डोक्यात होतं.

मोडेमला एक आकडा सांगून ठेवावा लागतो, किती रिंग झाल्यावर फोन उचलायचा. माझ्याआधी इथे होता तो धनराज. त्या महाशयांनी तो तीनवर ठेवलेला. ऑफिसचं मशीन ठरावीक वेळ थांबतं, मग नाद सोडतं. इथला मोडेम तीन रिंग होईपर्यंत आळोखेपिळोखे देणार, मग उचलणार, मग या खरखरत्या लाइनवर ओळख पटवायला वेळ घेणार. तोवर पलीकडचा कंटाळून निघून गेलेला. म्हणे लिंक लागत नाही.

जेवण घेऊन आलेल्या नीलाबाईला हसत सांगितलं, की तुमचा धनराज फार निवांत माणूस होता बुवा. ती हसली नाही. म्हणाली, त्याले मीच सांगतलं होतं. मी विचारलं, काय सांगितलं? तर म्हणाली, ‘‘एका हाकेले ओ नाई द्यावं, भाऊ. माणूस असन तं दुसऱ्यांदा हाक मारते. थे नाई मारत.’’

थे म्हणजे कोण, ते काही तिने सांगितलं नाही. जंगलात मोहा वेचायला गेलं, की ही सगळी माणसं दुसऱ्या हाकेची वाट बघतात म्हणे. एका हाकेला जो ओ देतो, त्याचा ओ जातो. बरं, जंगलाचं जंगलात. पण टेलिफोनला कसला आलाय ओ? मी तिला समजावलं, की बाई, हे यंत्र आहे, याला आत्मा नाही नि कानही नाहीत. ती ताट उचलून गेली.

मी तिनाचा एक केला. इसरूचं कोडंही सुटलं म्हणायचं. पण कामाच्या जागी हे लाड चालायचे नाहीत, त्याला दिलेला हुकूम कायम.


१२ एप्रिल

दुपारची ती रिंग आली. मोडेमने पटकन उचलली. मी बाजूलाच बसलो होतो.

मोडेमच्या बारीक स्पीकरमधून ओळख पटवण्याचा आवाज येतो. आधी आपला सूर, मग पलीकडचा, मग दोघांचा मिळून फेसाळ कल्ला. आज आपल्या मोडेमने सूर लावला आणि पलीकडे काहीच नाही. नुसता मोकळ्या तारेचा आवाज, सरसर, सरसर. मग कुणीतरी तोच सूर काढून बघितला. यंत्राने नाही. लहान मूल नवीन शब्द तोंडात घोळवतं तसा, एकदा खाली, एकदा वर, मग अगदी बरोबर. पडद्यावर ‘कनेक्ट’ आलं आणि वेग एवढा, की या तारेच्या बापालाही जमायचा नाही.

आकडे काही गेले नाहीत, आले नाहीत. थोड्या वेळाने आपणच तुटलं. क्रॉस कनेक्शन असणार.

संध्याकाळी ऑफिसचा फोन पहिल्या रिंगला उचलला गेला, सगळे आकडे भुर्रकन गेले.


१६ एप्रिल

चार दिवस लिंक मक्खन. साहेबांनी फोन करून शाबासकी दिली, बदलीचा कागद टाइप होतोय म्हणाले. धनराजला इथे कुजवलं आणि शेख काही दिवसांत करून दाखवतो, असंही म्हणाले. बरं वाटलं. का वाटू नये?

नीलाबाई आता घरात येत नाही. ताट उंबऱ्यावर ठेवते. चांगलं काम केलं की या देशात आधी आपलं ताट बाहेर येतं. येऊ दे.

एक मात्र लिहून ठेवतो. अदीबाशी बोलताना लाइनवर माझाच आवाज परत येतोय. प्रतिध्वनी असतोच, त्यात नवल नाही. पण तो माझ्यामागून यायला हवा. आज दोनदा माझ्या आधी आला.


१९ एप्रिल

इसरू हरवलाय.

दुपारी मी फाट्यावर चहा प्यायला गेलो होतो. चार माणसं साक्षीला आहेत. परत आलो तर गाव पुलापाशी गोळा झालेलं. नीलाबाई माझ्यावर धावून आली. म्हणाली, नाल्याकडून हाक आली, ‘इसरू’. एकच. तो पडवीत बसला होता, लगेच ओ दिला आणि उठून चालू लागला. चपला घातल्या नाहीत, हातातली विडी टाकली नाही.

मी म्हटलं, कुणी मारली हाक? ती म्हणाली, ‘‘तुमचाच आवाज होता, भाऊ. काऊन विचारता मले?’’

मी तिथे नव्हतो. पण माझ्या पहिल्या हाकेला ऊठ, हे त्याला मीच सांगितलं होतं. हे सगळ्यांना ठाऊक आहे. एकेक जण पाठ फिरवून इसरूला शोधायला निघाला, त्यापेक्षा चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.


२१ एप्रिल

सापडला. जंगलात खोल, जिथून आपली तार जाते तिथल्या एका खांबाशी. खांबाला कान लावून बसलेला. अंगाला ओरखडा नाही. डोळे उघडे. बायकोने हाक मारली, पोरांनी मारली, मी किती मारल्या. ओ देत नाही. ऐकू येतं त्याला, पापणी हलते. ओठही उघडतात. पण आतून—

मी कान जवळ नेला. सरसर. मोकळ्या तारेचा आवाज.

त्याला बैलगाडीत घालून गडचिरोलीला नेलं. त्याच्या बायकोने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मी इथे फक्त फोन दुरुस्त करायला आलो होतो. फोन दुरुस्त झालाय.


२२ एप्रिल

धनराजला फोन लावला. मी काही सांगायच्या आत त्याने विचारलं, किती रिंगवर ठेवलंय. मी म्हटलं, एक. त्याने फोन ठेवून दिला. पुन्हा लावला, उचलला नाही. उचलायला तो काय माझ्यासारखा आहे.

आकडा तीन केला. दुपारी रिंग आली. मोडेमने पहिल्याच रिंगला उचलली.

आकडा शून्य केला, म्हणजे उचलूच नकोस. उचलली.

मोडेमची वीज काढली. दिवे विझले. रिंग आली, आणि विझलेल्या डब्यातून तो सूर— आणि मग माझा आवाज. माझी हाक मारायची ढब. ‘नीलाबाई.’ ‘कोलू.’ गावातली नावं, एकेक, एकेकदाच. पाठ केल्यासारखी.


२४ एप्रिल, सकाळ

अदीबाला फोन लावला. तिच्याशी बोललो की डोकं ठिकाणावर येतं म्हणून. पलीकडून ती आनंदाने उड्या मारत होती. म्हणाली, काल दुपारी तुमचा फोन आला तेव्हापासून मी बॅग भरतेय.

मी काल फोन केला नाही.

ती म्हणाली, केला की अब्बा, सुट्टी लागली तर इकडे ये म्हणालात. आपा ओळखीच्या कंडक्टरच्या हवाली करून पाठवणार आहे मला. येऊ ना?

काही क्षण नुसता रिसीव्हर धरून उभा. मग सगळा जीव गोळा करून ओरडलो, ‘‘मत आना!’’

ती म्हणाली, जी अब्बा. गुणाची पोर. एका शब्दात ऐकलं. मग लाइन गेली. पुन्हा लागलीच नाही.

विळ्याने तार तोडली. भिंतीपाशी एकदा, खांबापाशी एकदा. बदली गेली खड्ड्यात. आता तिच्या कानात माझा आवाज तरी जाणार नाही.


२४, दुपार

तोडलेल्या तारेवर रिंग आली.


२५ एप्रिल

निघायचं ठरवलं. बस येते तीही नेमकी दुपारची, हाकांच्या वेळची. तरी निघालो. नीलाबाईने लांबूनच सांगितलं होतं, मागून हाक आली तं दुसरीची वाट पाहा, भाऊ.

अर्ध्या वाटेवर मागून आपाचा आवाज. घरातलं नाव, ‘शब्बू’. आपा इथे कशी असेल, हे डोक्याला कळायच्या आत तोंडातून गेलं— जी आपा.

लहानपणापासूनची सवय. तोंडात बसलेली.

मागे कुणी नव्हतं. पाय नाल्याकडे वळू लागले. मोहाला मिठी मारून उभा राहिलो, सालीत नखं रुतवून. बस आली, गेली. मग पाय सुटले, परत आलो.

नीलाबाई उंबऱ्यावर ताट ठेवून गेली. सोबत चिठ्ठी, तिच्या पोरीच्या हातची: उद्याचा दिवस दार उघडू नका. परवा सकाळी कोलूचा ट्रॅक्टर गडचिरोलीले चालला, त्यात बसा.

घशात कोरड आहे. पाणी पिऊन जात नाही.


२६ एप्रिल

दाराला कॉम्प्युटरचं टेबल लावलंय, वर लोखंडी कपाट. सामान बांधलं. उद्या ट्रॅक्टर. परवा नागभीड. अदीबाला सांगेन, की बेटा, कुणाच्याच पहिल्या हाकेला जी म्हणू नकोस. माझ्याही. रीत गेली चुलीत.

—

दुपार. फाट्याकडे एसटीचा हॉर्न वाजला. आली. गेली.

—

सगळं गप्प. पाखरूही नाही.

—

हाक आली. दाराबाहेरून. अगदी दारातून.

‘अब्बा.’

अदीबाचा आवाज. एकदाच.

नाही द्यायचा ओ. वा, आज माझ्या लेकीचा आवाज काढलास. लाज नाही. ती नागभीडला आहे. मी सांगितलंय तिला, ती जी म्हणालीय. थांबायचं. माणूस असेल तर दुसऱ्यांदा हाक मारेल.

—

नाही मारली. म्हणजे तेच आहे. तेच.

—

पण गेलं नाही. दाराखालच्या फटीतून दिसतंय. चपला. लहान. धुळीने भरलेल्या. एका पट्ट्याला लाल दोऱ्याची शिवण, आपाच्या हातची—

त्याला नुसता आवाज असतो. पाय नसतात. इसरूच्या वेळी कुणी पाय—

—

हॅलो म्हटलं नव्हतं.

परवा फोनवर. गप्प उभा होतो आणि एकदम ओरडलो. आधी हॅलो टाकला नाही. पहिला शब्द तार गिळते. मत आना. मत गेलं. तिला ऐकू गेलं ते

आना

आणि ती दुसरी हाक मारणार नाही. कधीच नाही मारणार. हात बांधून उभी राहील. मीच शिकवलंय

—

हाक मारतोय तिला. तोंड उघडतोय. आवाज नाही. नुसती सरसर— काल रस्त्यावर दिला तो ओ शेवटचा— कपाट हलत नाही, टेबल अडकलं— भिंतीवर मुठी मारतोय, ती भितेय, चपला मागे सरकल्या— इथेच थांब बेटा, हा कागद फटीतून सरकवतो, वाच, जाऊ नको, कुणी बोलावलं तरी—

नाल्याकडून

माझा आवाज. प्रेमाने. ‘अदीबा.’

मी आत आहे. मी नाही मारली हाक. बेटा मी आत आहे, वाच, म्हणू नको, म्हणू न

ती म्हणाली जी अ